मालगुजार गेला, सरकार आले, पुढे काय?

(संविधान दिनानिमित्त नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा येथे भरलेल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी संविधानाचे गुणगान करून सभा संपविण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. ती प्रथा वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्या ग्रंथावर आपल्या पोटापाण्याचे आणि मानाचे हक्क अवलंबून आहेत, त्याची केवळ पूजा करणे आपल्याला परवडणारे नाही. पूजा करणारा माणूस प्रश्न विचारीत नाही. आणि ज्याने प्रश्न विचारणे सोडले, त्याचे हक्क कोणी त्याच्यासाठी राखून ठेवीत नाही. म्हणून आज मी तुमच्यापुढे एकच प्रश्न मांडणार आहे. राज्यसत्तेने माणसाच्या आर्थिक व सामाजिक जीवनात किती हात घालावा, आणि घालावयाचा तर तो कोणासाठी घालावा?

हा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या पंडितांचा आहे, आपला नव्हे, असे कोणी समजू नये. तुमच्या गावाच्या शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. पलीकडे चिखल्याची खाण आहे. तुमच्या धानाच्या बांध्यांना पाणी देणारे तलाव आहेत. उन्हाळ्यात तुमच्या आयाबहिणी पहाटे उठून तेंदूची पाने तोडावयास जातात आणि वर्षभर घराच्या ओसरीत बसून बिड्या वळतात. दगड, पाणी, पान आणि विडी या चारही वस्तूंचा मालक कोण, त्यांचा भाव कोण ठरविणार, त्यांतून निघालेल्या पैशातला वाटा कोणाला मिळणार, हे कोणत्या ना कोणत्या कायद्याने ठरलेले आहे. म्हणजे राज्यसत्ता तुमच्या चुलीपर्यंत आलेलीच आहे. ती तुमच्या बाजूने उभी आहे की दुसऱ्याच्या, एवढेच पाहावयाचे उरते.

दोन चुकीचे विचार

या बाबतीत दोन विचार आपल्या कानांवर सतत पडतात. पहिला विचार असा की, सरकारने धंद्यात पडू नये, बाजाराला मोकळे सोडावे, म्हणजे देशाची भरभराट होईल आणि तिचे शिंतोडे गरिबांच्याही अंगावर उडतील. दुसरा विचार असा की, सरकार हे मायबाप आहे. त्याने सर्व काही आपल्या ताब्यात घ्यावे, मग आपल्याला काही करावयाचे कारण नाही. हे दोन्ही विचार दिसावयास परस्परविरोधी आहेत. परंतु त्यांचा परिणाम कष्टकऱ्याच्या बाबतीत एकच होतो. दोहोंतही तो मुका राहतो. एकात त्याच्या वतीने मालक बोलतो, दुसऱ्यात साहेब बोलतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दोन्ही विचारांहून निराळी वाट दाखविली होती. १९४७ साली अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीसाठी एक निवेदन तयार केले. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी असे सुचविले होते की, मूलभूत व प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ते राज्याने चालवावेत. विमा हा राज्याचा मक्ता असावा आणि प्रत्येक प्रौढ माणसाचा विमा उतरविलेला असावा. शेती हा राज्याचा उद्योग समजला जावा. जमिनीवरील खाजगी हक्क राज्याने रोखे देऊन विकत घ्यावेत, जमिनीचे ठराविक आकाराचे मळे पाडून ते गावातील कुटुंबांना सामुदायिकरीत्या कसावयास द्यावेत. आणि हे वाटप जातीचा वा धर्माचा भेद न करता अशा रीतीने व्हावे की, गावात कोणी जमीनदार राहू नये, कोणी कूळ राहू नये आणि कोणी भूमिहीन मजूरही राहू नये. पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे यांचा पुरवठा राज्याने करावा. आणि हे सारे संविधान अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत पार पडावे.

ही योजना मांडताना त्यांनी जे कारण दिले, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. एक बेकार मनुष्य डोळ्यांपुढे आणा. त्याच्या घरी चार तोंडे आहेत. त्याला कोणी सांगतो की, काम देतो, परंतु किती तास ते विचारावयाचे नाही, संघटनेत जावयाचे नाही, सभेला जावयाचे नाही, वर तोंड करून बोलावयाचे नाही. संविधानाने त्याला भाषणाचे, संघटनेचे, धर्माचे स्वातंत्र्य दिलेले आहे. तो कोणते निवडील? भाकर की स्वातंत्र्य? तो भाकर निवडील आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. जेथे पोट दुसऱ्याच्या मुठीत असते तेथे मूलभूत हक्क कागदावर राहतात. म्हणून बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की, राज्यसत्ता मागे सरली म्हणजे माणूस आपोआप स्वतंत्र होत नाही. राज्यसत्तेने मोकळी केलेली जागा पैसेवाला आणि जमीनवाला व्यापतो. मजुरीचे दर, कामाचे तास आणि जमिनीचा खंड ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती जातो. त्या अधिकाराला निवडणूक नसते, त्यावर अपीलही नसते.

परंतु त्याच निवेदनात त्यांची दुसरीही एक अट होती, आणि ती लोक विसरतात. ही आर्थिक व्यवस्था संविधानातच लिहिलेली असावी, साध्या कायद्यावर ती सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. साध्या कायद्याने दिलेले साधा कायदा काढून घेऊ शकतो. आज बहुमत एका पक्षाचे, उद्या दुसऱ्याचे. गरिबाची भाकर अशा हेलकावणाऱ्या पायावर ठेवू नये. संसदीय लोकशाही कायम ठेवावयाची, हुकूमशाही येऊ द्यावयाची नाही, आणि तरीही आर्थिक समतेला बहुमताच्या लहरीपासून सुरक्षित ठेवावयाचे, अशी ही तिहेरी कसरत होती. घटना समितीने ही योजना मूलभूत हक्कांत घेतली नाही. तिचा थोडा अंश मार्गदर्शक तत्त्वांत आला. ३८ व्या, ३९ व्या, ४३ व्या आणि ४६ व्या कलमांत तो आजही आहे. मात्र मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही.

बाबासाहेबांचा तो आग्रह किती दूरदृष्टीचा होता, याचा पुरावा शोधावयास आपल्याला भंडारा जिल्ह्याच्या बाहेर जाण्याची गरज नाही.

खाणीची गोष्ट

मध्य प्रांतातील मँगनीज काढण्यासाठी १८९६ साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाले. पुढे त्याचीच ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाली. ही कंपनी इंग्लंडात नोंदलेली होती. जमीन येथली, दगड येथला, घमेले डोक्यावर घेणारे हात येथले आणि नफा मात्र सातासमुद्रापलीकडचा, असा तो व्यवहार होता. पोलादाला मँगनीज लागते. युरोपातील पोलाद भट्ट्यांना ते हवे होते. म्हणून आपल्या डोंगरांना किंमत आली. डोंगर फोडणाऱ्या माणसाला मात्र आली नाही.

स्वराज्यानंतर, १९५६ च्या औद्योगिक धोरणविषयक ठरावात मँगनीजचे खाणकाम राज्याने आपल्याकडे राखून ठेवलेल्या उद्योगांच्या यादीत घातले गेले. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड ही कंपनी निघाली. ५१ टक्के भांडवल भारत सरकार, महाराष्ट्र सरकार आणि मध्य प्रदेश सरकार यांचे. उरलेले ४९ टक्के जुन्या इंग्रजी कंपनीचे. १९७७ साली तेही ४९ टक्के घेतले गेले आणि खाण पूर्णपणे सरकारी झाली. या बदलाचे मोल कमी लेखू नका. ज्या समाजाच्या माणसाला पूर्वी फक्त दगड फोडावयाचे काम मिळत असे, त्या समाजाच्या मुलाला राखीव जागांमुळे सार्वजनिक उद्योगांत कारकून, फोरमन, अभियंता होण्याचा मार्ग खुला झाला. खाजगी मालकाच्या खाणीत हा मार्ग नव्हता आणि आजही खाजगी उद्योगांत राखीव जागांचे बंधन नाही. पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधी, राहावयास घर, पोरांना शाळा, या गोष्टी एका पिढीला मिळाल्या की दुसरी पिढी ताठ मानेने बोलू लागते. राज्यसत्तेचा हात योग्य ठिकाणी पडला तर काय घडते, त्याचे हे उदाहरण आहे.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. जे १९५६ च्या ठरावाने राखून ठेवले, ते १९९३ च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने खुले केले गेले. मँगनीजसकट तेरा खनिजे खाजगी भांडवलाला मोकळी झाली. २०१० साली या कंपनीचे २० टक्के भाग केंद्र व राज्य सरकारांनी शेअर बाजारात विकले. कंपनीवर सरकारचा ताबा आजही आहे, ही गोष्ट खरी. परंतु ज्या ठरावाने ती सरकारी झाली, तसल्याच ठरावाने ती उद्या सरकारी राहणार नाही, असेही घडू शकते. आणि मालकी सरकारी राहूनही काम कंत्राटदाराकडे गेले तर? सार्वजनिक उद्योगांतून आज देशभर कंत्राटी मजुरीची पद्धत वाढली आहे. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर राखीव जागा नसतात. पाटी सरकारची आणि हजेरी कंत्राटदाराची, असे झाले म्हणजे राज्यसत्तेने आपला हात मागे घेतला असेच समजावे.

कल्याण निधीची गोष्ट

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात एक नवी पद्धत सुरू झाली. १९४४ साली कोळसा खाणींतील मजुरांसाठी आणि १९४६ साली अभ्रकाच्या खाणींतील मजुरांसाठी कल्याण निधी उभारण्यात आले. पद्धत साधी होती. खाणीतून जो माल निघतो त्यावर थोडा उपकर बसवावयाचा आणि तो पैसा त्याच मजुरांच्या दवाखान्यासाठी, घरांसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवावयाचा. यात दया नव्हती. ज्याच्या घामातून माल निघाला त्याचा त्या मालावर पहिला वाटा आहे, हे तत्त्व त्यात होते.

मँगनीजच्या मजुरांपर्यंत हे तत्त्व पोहोचावयास १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लोह आणि मँगनीज यांच्या खाणींतील मजुरांसाठी उपकराचा आणि कल्याण निधीचा कायदा झाला. त्याच वर्षी विडी कामगारांसाठीही तसाच उपकर आणि निधी आला. या निधीतून दवाखाने चालले, शिष्यवृत्त्या मिळाल्या, घरांना साहाय्य झाले. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात त्या शिष्यवृत्तीवर शिकलेली मुले असतील.

मँगनीजच्या खाणींवरील तो उपकर २०१६ साली बंद झाला. विडीवरील उपकर वस्तू व सेवा कर आला तेव्हा, म्हणजे २०१७ साली, बंद झाला. योजना बंद झाल्या नाहीत, त्यांना आता अंदाजपत्रकातून पैसा मिळतो, असे सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु दोहोंत फरक आहे, आणि तो आपण ओळखला पाहिजे. पूर्वी तो पैसा कायद्याने मजुराचा होता. आता तो दरवर्षी मंजूर व्हावा लागतो. हक्काचा पैसा होता तो मागणीचा पैसा झाला. चाळीस वर्षांपूर्वी एका संसदेने दिलेले दुसऱ्या संसदेने काढून घेतले. नाकाडोंगरीच्या किंवा तुमसरच्या विडी कामगार बाईला कोणी विचारले नाही. तिला ते कळलेही नसेल. साध्या कायद्यावर गरिबाची भाकर ठेवू नका, असे बाबासाहेब का म्हणत होते, ते आता तुमच्या ध्यानात येईल.

तलावाची गोष्ट

आता कोणी म्हणेल, मग सर्व काही सरकारच्या मालकीचे करून टाका, म्हणजे प्रश्न मिटला. त्यांना मी आपल्या तलावांकडे पाहावयास सांगेन.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कसब फार मोठे होते आणि माती वाहण्यात साऱ्या कष्टकरी जातींचा घाम होता. इंग्रजांनी १८६० नंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाचे मालक केले. त्याबरोबर तलावाची मालकीही त्यांच्याकडे गेली. मालगुजार हा दयाळू होता असे म्हणण्याचे कारण नाही. त्याच्या वाड्यासमोरून जाताना आपल्या वाडवडिलांना पायांतले काढून हातात घ्यावे लागे आणि बिगारीला नाही म्हणण्याची सोय नव्हती. १९५० साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तलाव सरकारचे झाले. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. लोक थोडक्यात मामा तलाव म्हणतात.

मालगुजारी गेली हे चांगलेच झाले. पण पुढे काय झाले? मालगुजारांची सीर आणि खुदकाश्त जमीन त्यांच्याकडेच राहिली. गावाचे धनीपण गेले, उत्तम बांध्या राहिल्या. जो भूमिहीन होता तो भूमिहीनच राहिला. त्याच्यासाठी रिपब्लिकन पक्षाला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा कागदावर असतानाही लाखो माणसांना तुरुंगात जाऊन जमीन मागावी लागली, ही गोष्ट विसरता येणार नाही.

आणि तलावांचे काय झाले? लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालक बदलला, परंतु राखणदार नेमला गेला नाही. पाळीची माती वाहून गेली, पोटात गाळ साचला, बुडीत जमिनीवर अतिक्रमणे झाली. पूर्वी गावाने मिळून पाळ नीट करावयाची रीत होती. तलाव सरकारचा झाल्यावर गाव म्हणू लागले, सरकार पाहील. आणि सरकार म्हणू लागले, निधी नाही. निस्ताराच्या हक्काने जे पाणी आपले होते, त्याच्यासाठी अर्ज करण्याची पाळी आली. नुसती मालकी सरकारच्या नावावर चढविल्याने समाजवाद येत नाही, हा त्यातला धडा आहे. ज्या मालकीचा हिशेब लोकांना विचारता येत नाही ती सरकारी असली तरी मालगुजारीच असते.

पानाची आणि विडीची गोष्ट

तेंदूपत्त्याच्या व्यापाराचे नियमन करण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली वनोपजाच्या व्यापाराचा कायदा केला. व्यापाऱ्यांनी पान तोडणाऱ्याला लुबाडू नये हा हेतू सांगितला गेला. व्यवहारात पाने सरकारच्या ताब्यात आली आणि लिलावाने कंत्राटदाराकडे गेली. तोडणाऱ्या बाईच्या हातात पुडक्याची मजुरी पडली. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. घरी काम करणारी बाईदेखील कामगार आहे हे त्या कायद्याने मान्य केले, छाट विड्यांवर मर्यादा घातली. ही राज्यसत्तेची मोठी मदत होती. परंतु जी बाई कोणाच्याही हजेरीपटावर नाही, जिचे ओळखपत्र नाही, तिच्यापर्यंत तो कायदा पोहोचला नाही. कायद्याला पाय नसतात. त्याला उचलून आणावे लागते.

तो उचलून आणता येतो, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २०११ साली आपल्या जंगलातील बांबू विकण्याचा हक्क बजावला. त्यानंतर गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतील कित्येक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या. येथे राज्यसत्तेने काय केले? तिने मालकी स्वतः घेतली नाही, व्यापाऱ्यालाही दिली नाही. कष्ट करणाऱ्या गावाच्या हातात कायदा दिला. आणि गावाने तो धरला. मात्र येथे एक सावधगिरी हवी. ग्रामसभा म्हणजे गावातील चार पुढारी नव्हेत. ज्या गावात एका वस्तीला बोलावयाची मुभा नाही, तेथे ग्रामसभेच्या नावाखाली जुनीच जातिसत्ता राज्य करील. खेडे म्हणजे अज्ञानाचे, कोत्या मनाचे आणि जातीयवादाचे आगर आहे, असे बाबासाहेबांनी घटना समितीत १९४८ साली बजावले होते, ते याच अर्थाने.

समाजव्यवस्था आणि राज्यसत्ता

आतापर्यंत मी अर्थव्यवस्थेविषयी बोललो. समाजाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. महाडचे चवदार तळे आठवा. मुंबई कायदे मंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्याला लागली नव्हती. ठराव होता, माणूस गेला नव्हता. माणूस गेला तेव्हा मारहाण झाली आणि मग न्यायालयात १९३७ पर्यंत लढावे लागले. तेथेही अखेर राज्याचे न्यायालयच कामास आले. म्हणजे लोकांच्या धडपडीवाचून कायदा निर्जीव राहतो आणि कायद्यावाचून लोकांची धडपड मार खाते. दोन्ही एकत्र असावे लागतात.

संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. समाजाच्या रूढीत सरकारने हात घालू नये म्हणणाऱ्यांना विचारा की, हा हात घातला नसता तर रूढीने स्वतःहून किती शतकांनी माघार घेतली असती? भगिनींनाही मी हेच विचारतो. हिंदू कोड बिल अडविले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यातीलच कायदे पुढे १९५५-५६ साली तुकड्यातुकड्याने झाले, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध वाटा देशभर मिळावयास २००५ साल यावे लागले.

पण राज्यसत्तेची तलवार दोन्ही बाजूंनी कापते, हेही आपल्याइतके कोणी भोगलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण धम्मदीक्षा घेतली. धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य संविधानाने दिले होते. परंतु धर्म बदलताच केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या यादीतून आपण बाहेर पडलो. महाराष्ट्र सरकारने १९६० साली आपल्या सवलती नवदीक्षित बौद्धांना लागू केल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायदा बदलीपर्यंत त्या दिल्या नाहीत. चौतीस वर्षे एका पारड्यात धम्म आणि दुसऱ्या पारड्यात मुलाची शिष्यवृत्ती व नोकरी, असा तराजू राज्यसत्तेने आपल्या दारात टांगून ठेवला होता. कित्येकांनी मनात बुद्ध आणि दाखल्यावर जुनी जात अशा अवघडलेल्या स्थितीत ती वर्षे काढली. कित्येकांनी सवलत नाकारली आणि मुलांना अर्धपोटी शिकविले. ज्याची भाकर दुसऱ्याच्या हातात असते त्याचे विवेकस्वातंत्र्य कसे गहाण पडते, हे आपण पुस्तकातून शिकलेलो नाही.

धम्माची दृष्टी

राज्याने प्रजेच्या उपजीविकेची काळजी वाहावी, हा विचार मार्क्सपासून सुरू होतो असे पुष्कळांना वाटते. दीघनिकायातील कूटदन्त सुत्त पाहा. राज्यात चोऱ्या वाढल्या आहेत. राजा मोठा यज्ञ करावयास निघाला आहे. त्याला सल्ला असा मिळतो की, दंडाने चोऱ्या थांबणार नाहीत. शेती करणाऱ्याला बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, नोकरी करणाऱ्याला योग्य वेतन दे. माणसे आपापल्या कामात गुंतली की राज्य आपोआप शांत होईल. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात तर सांगितले आहे की, राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली, चोरीतून हिंसा आली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. गुन्ह्याचे मूळ दारिद्र्यात आणि दारिद्र्याचे मूळ राज्याच्या कर्तव्यच्युतीत, असे तो सांगतो.

त्याचबरोबर दंडाच्या जोरावर आणलेली समता टिकत नाही, हेही भगवान बुद्धाचेच सांगणे. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, तेव्हा त्यांनी हाच मुद्दा पुढे केला. समतेसाठी माणसाचे मन तयार करावे लागते, आणि लोकांची संमती हीच खरी सत्ता होय. संघात भिक्षूची खाजगी मालमत्ता नव्हती, आणि तेथे कोणाला बळजबरीने आणलेले नव्हते.

आपले काम

तेव्हा राज्यसत्ता हवी की नको, हा वाद आपण इतरांसाठी सोडून देऊ. आपल्याला ती हवी आहे, कारण तिच्यावाचून आपल्या बाजूला दुसरे बळ नव्हते. परंतु ती कायद्याने बांधलेली हवी, तिचा हिशेब आपल्या हातात हवा, आणि तिने दिलेले हे दान नसून हक्क आहे असे लिहिलेले हवे.

यासाठी करावयाच्या गोष्टी दूरच्या नाहीत. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. जुन्या खाणपट्ट्यांना आपल्या स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम त्यात भरावी लागते. त्यातील मोठा भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण आणि प्रदूषण-निवारण यांवर खर्च झाला पाहिजे, असा नियम आहे. हा पैसा तुमच्या डोंगरातून निघालेला आहे. तो कोठे खर्च झाला, हे ग्रामसभेत वाचून दाखवा अशी मागणी करा. दाखविले नाही तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने मागा. आपल्या तलावाची नोंद निस्तारपत्रकात काय आहे ती काढून आणा. विडी वळणाऱ्या प्रत्येक भगिनीचे ओळखपत्र झाले की नाही, याची यादी आपल्या विहारात लिहून ठेवा. कंत्राटी मजुराला संघटनेच्या बाहेर ठेवू नका. कायम कामगाराने त्याच्याकडे पाठ फिरविली तर उद्या दोघांनाही एकाच दाराबाहेर उभे राहावे लागेल.

याच भंडारा मतदारसंघातून १९५४ सालच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब लोकसभेसाठी उभे होते. त्यांचा पराभव झाला. पराभवाने ते थांबले नाहीत. दोनच वर्षांनी त्यांनी आपल्याला धम्माच्या वाटेवर आणले. निवडणुकीत हरलेला मनुष्य अधिक मोठे काम करू शकतो, हे या जिल्ह्याने पाहिलेले आहे. बहुमत आपल्या बाजूने नसेल. माहिती, संघटना आणि संविधान आपल्या बाजूने असू शकतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी घटना समितीला इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि आर्थिक-सामाजिक जीवनात विषमता, असे विसंगत जीवन देश फार काळ जगू शकणार नाही. ती विसंगती आजही आपल्या खाणीच्या तोंडाशी, तलावाच्या पाळीवर आणि ओसरीतल्या विडीच्या सुपात दिसते. तिचा रोजचा हिशेब ठेवणे हे आपले काम आहे. पुढच्या ग्रामसभेला जाताना प्रत्येकाने निदान एक प्रश्न लिहून न्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.